सुविचार पुरे झाले, आता वही दाखवा

तुम्ही वाचत नाही, अशी माझी तक्रार नाही. वाचता. गाडी चालवताना कानात व्याख्यान चालू असतं, झोपण्यापूर्वी कुणा मानसशास्त्रज्ञाची मुलाखत बघता, पुस्तक प्रदर्शनातून पिशव्या भरून आणता. माझी तक्रार त्याहून गंभीर आहे. जगातल्या एवढ्या शहाण्या माणसांचं एवढं ऐकून तुमच्या वागण्यात तसूभर फरक पडलेला नाही, आणि तो पडला नाही याचं तुम्हाला काही वाटतही नाही.

तुम्ही आता चाळिशीला टेकलात. कुणी बँकेत अधिकारी आहे, कुणाचा स्वतःचा दवाखाना आहे, दोघी-तिघी माझ्यासारख्याच शिक्षिका आहेत. मी तुम्हाला शाळेत शिकवलं, एवढ्याच हक्कानं बोलते आहे आणि स्पष्ट बोलणार आहे. रोज सकाळी तुम्ही मला सुविचार पाठवता. मी ते वाचते, आणि पाठवणारा कोण तेही बघते. ज्यानं साडेसहाला मनःशांतीवरचा विचार पाठवला, तो नऊ वाजता वॉचमनवर ओरडत असतो, कारण त्याच्या जागेवर दुसऱ्या कुणाची गाडी लागलेली असते. जिनं क्षमेबद्दल पाठवलं, तिनं नणंदेच्या लग्नातल्या मानपानावरून त्या घरची पायरी कैक वर्षं चढलेली नाही. हे मला कसं कळतं? तुम्हीच सांगता. माझ्यासमोर बसून तासतास सांगता.

मध्यंतरी तुमच्यातला एक जण घरी आला. नाव घेत नाही. वाचताना त्याला कळेल. मोठ्या उत्साहानं त्यानं पिशवीतून एक जाड वही काढली. वर खाकी कव्हर, पहिल्या पानावर अनुक्रमणिका, प्रत्येक विचारवंताला चार पानं, महत्त्वाच्या ओळींखाली तांबडी रेघ. मी पानं उलटत होते, तो बोलत होता. बोलता बोलता मुलाचा विषय निघाला. मुलगा आठवीत. घटक चाचणीत गणितात २० पैकी ७. "मग?" मी विचारलं. "मग काय बाई, आठ दिवस झाले, बोललोच नाही त्याच्याशी."

त्या वेळी माझ्यासमोर जे पान होतं, त्यावर एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचा सगळ्यांत गाजलेला विचार होता: आपल्याला त्रास होतो तो घडलेल्या गोष्टीमुळे नव्हे, त्या गोष्टीबद्दल आपण जे मत करून घेतो त्यामुळे. खाली दोन तांबड्या रेघा. मी वही त्याच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, वाच. त्यानं वाचलं. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "कळतं हो बाई, पण वळत नाही."

हे वाक्य मला यापुढे कुणाच्याही तोंडून ऐकायचं नाही. तुम्ही ते अशा सुरात म्हणता, जणू तो तुमचा मोठेपणा आहे. कळण्याचं अर्धं काम झालं, उरलेल्या अर्ध्याला तुमचा इलाज नाही. तुमच्या कचेरीत हाताखालच्या माणसानं हिशेब चुकवला आणि वर म्हणाला, "साहेब, बेरीज कळते पण जमत नाही", तर तुम्ही त्याला काय सांगाल? जमेपर्यंत कर, हेच सांगाल. मग स्वतःला तेच सांगायला तुमची जीभ का अडखळते? आणि खरं सांगू, तुम्हाला कळलेलंही नाही. तुम्ही ऐकलं आहे, तुम्हाला आवडलं आहे, तुम्ही उतरवून घेतलं आहे. वाक्य आवडणं म्हणजे कळणं नव्हे.

ज्याचं वाक्य तांबडी रेघ मारून ठेवलंत, तो माणूस कोण होता हे तरी बघितलंत का? एपिक्टेटस जन्मानं गुलाम. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा. त्याचा मालक रोममध्ये, नीरो बादशहाच्या दरबारातला बडा माणूस. एपिक्टेटस एका पायानं अधू होता. पुढे गुलामीतून सुटला, शिकवू लागला, तर डोमिशियन बादशहानं तत्त्वज्ञांना रोममधून हाकलून दिलं. मग ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्यानं शाळा काढली. स्वतः एक ओळ लिहिली नाही. आज जे आपल्या हाती आहे, ते आरियन नावाच्या त्याच्या विद्यार्थ्यानं टिपून ठेवलेलं. त्यातही मूळच्या आठ भागांपैकी चारच शिल्लक आहेत.

त्या चार भागांत एपिक्टेटस सर्वांत जास्त कुणावर चिडलेला दिसतो? बादशहावर नाही, मालकावर नाही. तो चिडतो स्वतःच्या विद्यार्थ्यांवर. त्याच्याकडे श्रीमंत घरांतली पोरं यायची, जुन्या आचार्यांचे अवघड ग्रंथ घडाघडा उलगडून दाखवायची आणि घरून पत्र आलं नाही की रडत बसायची. तो त्यांना बजावत असे की माझा वर्ग म्हणजे दवाखाना आहे. इथून जाताना बरं वाटलं पाहिजे असं नाही, दुखलं पाहिजे. तुम्ही त्याची वाक्यं नेमकी बरं वाटावं म्हणून वाचता. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या विद्यार्थ्यांना तो रागावत होता, ते तुम्हीच आहात.

आणि मार्कस ऑरेलियस. त्याच्या नावानं तर तुमचा उच्छाद चालला आहे. इसवी सन १६१ ते १८० तो रोमचा सम्राट होता. एपिक्टेटसची प्रवचनं त्याला रस्टिकस या त्याच्या गुरूनं स्वतःच्या संग्रहातून आणून दिली, याबद्दल त्यानं कृतज्ञतेनं लिहून ठेवलं आहे. एका गुलामाची शिकवण सम्राटानं घेतली, आणि घेऊन काय केलं? ज्याला आज आपण त्याचं पुस्तक म्हणतो ते पुस्तक नव्हतंच. प्रसिद्ध करण्यासाठी नाही, लोकांना शहाणं करण्यासाठी नाही. डॅन्यूबच्या सरहद्दीवर लढाया चालू असताना, राज्यात साथीनं माणसं मरत असताना, त्यानं स्वतःसाठी लिहिलेल्या त्या टिपा होत्या. त्याची बरीच मुलं लहानपणीच गेली होती. टिपा वाचल्या तर दिसेल की तीच गोष्ट तो पुन्हा पुन्हा लिहितो: राग आवर, मरणाची आठवण ठेव, आज भेटणारी माणसं आडमुठी असतील, त्याची तयारी सकाळीच कर. तुमच्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, एवढी पुनरुक्ती का? कारण तो सराव करत होता. काल लिहिलेलं आज पुरत नाही हे त्याला माहीत होतं. तुम्ही ते एकदा वाचता, फोटो काढता, पुढे पाठवता आणि दुसऱ्या दिवशी नवीन वाक्य शोधता.

आता त्या मुलाच्या वडिलांकडे वळते, कारण मला हे अर्धवट सोडायचं नाही. एपिक्टेटसच्या विचाराचं औषध करून दाखवलं ते विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं. जन्म १९१३, पिट्सबर्गचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारानं पुन्हा पुन्हा इस्पितळात, आईवडील भेटायलाही क्वचित यायचे. शिकला मनोविश्लेषण, वर्षानुवर्षं रुग्णांना कोचावर झोपवून बालपण उकरण्याचं काम केलं, आणि त्यातून लोक बरे होत नाहीत असं दिसल्यावर ती पद्धत सोडून दिली. १९५५ पासून त्यानं स्वतःची पद्धत मांडली, जिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात.

त्याची मांडणी सरळ आहे. एक घटना घडते. तिच्याबद्दल आपण मनात काहीतरी धरून बसतो. त्यातून परिणाम होतो: राग, भीती, अबोला. आपण समजतो, घटनेमुळेच परिणाम झाला. मधली पायरी आपल्याला दिसतच नाही. त्या दिवशी मी वडिलांना ती पायरी शोधायला लावली. घटना काय? २० पैकी ७. परिणाम काय? आठ दिवसांचा अबोला. मध्ये काय होतं? पहिल्यांदा तो म्हणाला, "काही नाही, वाईट वाटलं." मी म्हटलं, वाईट वाटलेला माणूस मुलाजवळ जाऊन बसतो, तोंड फिरवत नाही, खरं सांग. मग हळूहळू बाहेर आलं. माझ्या मुलाला इतके कमी गुण पडताच कामा नयेत. पडले तर लोक मला हसतील. मी गणितात हुशार होतो, म्हणजे हा मुद्दाम करतो. आणि सर्वांत खाली: मी बाप म्हणून नापास झालो.

एलिस म्हणतो, इथे थांबायचं आणि या प्रत्येक वाक्याची उलटतपासणी घ्यायची. कशावरून? हुशार माणसाच्या मुलाला चांगलेच गुण पडले पाहिजेत, हा नियम कुठे लिहिला आहे? एका चाचणीवरून अख्खा बाप नापास कसा ठरतो? आणि शेवटचा, सर्वांत उपयोगाचा प्रश्न: हे धरून बसल्यानं माझं किंवा मुलाचं काही भलं होतं आहे का? तपासणीत जे टिकत नाही ते टाकून द्यायचं, आणि जे खरं आहे ते जागेवर ठेवायचं. मुलानं चांगलं करावं ही माझी तीव्र इच्छा आहे, हे खरं. ती पुरी झालीच पाहिजे, ही माझी सक्ती आहे. कमी गुण पडले हे वाईट झालं, हे खरं. अनर्थ झाला, हे खोटं.

मी त्याला उत्तरपत्रिका आणायला लावली. बैजिक राशींचे अवयव पाडायचे होते. मुलाला पद्धत येत होती. बहुतेक गुण गेले होते ते चिन्हांत. कंसाबाहेर वजा असताना आत चिन्ह बदलायचं तो विसरत होता. अर्ध्या तासाचं काम. बापाला स्वतःला ते उत्तम येतं. आठ दिवस त्या घरात जेवणाच्या ताटावर कुणी बोलत नव्हतं, आणि ती उत्तरपत्रिका दप्तरात तशीच घडी घालून पडली होती, कारण बघायला कुणी मागितलीच नव्हती.

तुम्ही हे वाचून मान डोलवाल. डोलवू नका. आपापला अबोला कुठे चालू आहे ते आठवा.

एलिसनं हे सारं लोकांना सांगण्याआधी स्वतःवर करून पाहिलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो इतका भिडस्त होता की मुलींशी बोलायची त्याला धास्ती वाटायची. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या वनस्पती उद्यानात तो नेहमी जायचा. त्यानं स्वतःला गृहपाठ घातला: महिनाभर इथे रोज यायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. त्यानंच सांगितलेला हिशेब असा: १३० जणी भेटल्या, ३० जणी लगेच उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी तो बोलला. पुढच्या भेटीला एकच कबूल झाली, आणि तीही आली नाही. फळ म्हणाल तर शून्य. पण ज्या संकटाच्या धास्तीनं तो वर्षानुवर्षं गप्प होता, ते संकट एकदाही आलं नाही, हे त्यानं शंभर वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. भीती गेली ती तिथे, पुस्तकात नाही.

इथे एक गोष्ट बजावून ठेवते. बागेत जाऊन अनोळखी बायकांशी बोलत सुटू नका. त्या काळी त्यानं केलं ते केलं. एकट्या बसलेल्या बाईला नको असताना गाठणं आज कुणीही योग्य म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. ज्याचा त्रास दुसऱ्या कुणाला होणार नाही असा गृहपाठ शोधा. बैठकीत बोलायची भीती वाटते? दर बैठकीत एक प्रश्न विचारायचा, ठरवून. "नाही" म्हणायची भीती वाटते? आठवड्यातून एकदा, जिथे खरोखर नकोच आहे तिथे, कारणांची यादी न देता नाही म्हणायचं.

एलिसची जी तीन मूलभूत सूत्रं आहेत, त्यांतलं तिसरं तुम्ही कधीच पाठवत नाही. पहिलं: आपल्या त्रासाचा मोठा भाग आपल्याच धारणांतून येतो. हे तुम्हाला आवडतं. दुसरं: धारणा बालपणी आल्या असतील, पण आज त्या टिकून आहेत त्या आपण रोज स्वतःला नव्यानं पढवतो म्हणून. हे ऐकताना तुम्ही थोडे अस्वस्थ होता. तिसरं: पहिली दोन कळल्यानं काहीही होत नाही, मेहनत आणि सराव, पुन्हा मेहनत आणि सराव, याला दुसरा रस्ता नाही. तुमच्या "कळतं पण वळत नाही"ला त्या माणसानं हे उत्तर देऊन ठेवलं आहे. तुम्हाला ते नको आहे, कारण त्यात कष्ट आहेत.

इंग्रजी जमत नाही ही सबब सांगू नका. मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या, वाद घातले, त्याची पद्धत मुळापासून शिकून घेतली आणि 'अल्बर्ट एलिस विचारदर्शन' हे पुस्तक मराठीत लिहिलं. डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही चरित्रात्मक कादंबरी आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभारलेल्या संस्थेत याच विचारावर मराठीतून काम चालतं. विचारवंताकडून शिकायचं म्हणजे काय, हे फडक्यांकडे बघून शिका. एक माणूस धरला आणि त्याच्या मागे लागून तो पुरता समजून घेतला. तुम्ही वर्षात पन्नास धरता आणि एकालाही साधा प्रश्न विचारत नाही. महिन्याचा किराणा आणून फडताळात रचत राहावं आणि चूल कधी पेटवूच नये, असा तुमचा संसार आहे.

काही जणांनी तर याहून वाईट केलं आहे. जे शिकलात त्याचा प्रयोग तुम्ही दुसऱ्यांवर करता. बायको दमून म्हणाली की आज माझ्याच्यानं होत नाही, तर तुम्ही तिला सांगता की सगळं आपल्या विचारांवर असतं. घरात एक माणूस गेलेलं असताना तुमच्यातल्या एकानं त्या मुलीला सकारात्मक राहायला सांगितलं. मी तिथे उभी होते. लाज वाटायला हवी होती. एलिसनं सकारात्मक विचार करा असं सांगितलेलं नाही. आपलं माणूस गेलं तर दुःख होणं निरोगी आहे, परीक्षा आली तर काळजी वाटणं निरोगी आहे, अन्याय झाला तर चीड येणं निरोगी आहे. हे तो आवर्जून सांगतो. तो सोडवायला सांगतो ते दुःखावर चढवलेलं "आता मी जगूच शकत नाही", आणि तेही ज्याचं त्यानं. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या धारणा दुरुस्त करायचा परवाना तुम्हाला कुणी दिलेला नाही.

आणि ज्याला खरोखर नैराश्यानं घेरलं आहे, ज्याची झोप उडाली आहे, जेवण सुटलं आहे, जगायचंच नाही असं जो बोलतो, त्याला सुविचार पाठवू नका. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक आत्ता फोनमध्ये साठवा, मग पुढे वाचा.

दुसरा गैरवापर पुरुषमंडळींना जास्त आवडतो. जे आपल्या हाती नाही ते सोडून द्यावं, असं एपिक्टेटस सांगतो, म्हणून तुम्ही रस्त्यावरचा खड्डा सोडून देता, मतदानाचा दिवस सोडून देता, म्हाताऱ्या वडिलांच्या औषधपाण्याचं बहिणीवर सोडून देता. तक्रारीचा अर्ज लिहिणं तुमच्या हाती आहे. मतदान केंद्रावर जाणं तुमच्या हाती आहे. वडिलांना रविवारी आंघोळ घालणं तुमच्या हाती आहे. निकाल हाती नाही म्हणून प्रयत्नातून सुटका झाली, असं त्या माणसानं कुठेही म्हटलेलं नाही. उलट नागरिक, मुलगा, भाऊ ही नाती आपली कर्तव्यं ठरवतात, असं तो शिकवत होता. सोयीचा अर्धा भाग तेवढा उचलायचा, ही सवय शाळेत तुम्हाला आम्ही लावली नव्हती.

कुणाचं ऐकायचं, तेही जरा तपासून घ्या. हल्ली विचारवंत म्हणवून घेणारे उदंड झाले आहेत. मोठ्या हॉटेलात शिबिर, गळ्यात ओळखपत्र, दोन दिवसांत आयुष्य बदलण्याची हमी, आणि जाताना पुढच्या शिबिराची आगाऊ नोंदणी. मी एवढंच बघते: हा माणूस आपली पद्धत उघड्यावर तपासू देतो का? एलिस न्यूयॉर्कमध्ये दर शुक्रवारी रात्री नाममात्र शुल्कात लोकांसमोर बसायचा. प्रेक्षकांतला कुणी आपली अडचण घेऊन समोर यायचा, दोघांचं बोलणं सगळे ऐकायचे, मग प्रेक्षक प्रश्न विचारायचे, आक्षेप घ्यायचे. हे दशकानुदशकं चाललं. ज्याला प्रश्न विचारला की त्याचे चेले तुमच्याकडे रागानं बघतात, तिथून उठून या.

चार्ल्स डार्विनची एक सवय सांगते, कारण तुमच्या भांडणांवर ती जालीम आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच, न चुकता लिहून ठेवायचा. त्याचा अनुभव होता की अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात. १८५९ साली त्याचा ग्रंथ आला तेव्हा लोकांनी घेतलेले बहुतेक आक्षेप त्यानं आधीच टिपलेले होते. ज्या जावेबद्दल, ज्या साहेबाबद्दल, ज्या पक्षाबद्दल तुमचं मत पक्कं झालं आहे, त्याच्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट रोज लिहा. जावेनं परवा तुमच्या मुलीला शाळेतून आणलं होतं. लिहिलंत का कुठे? नाही. तिनं चहात साखर कमी घातली ते मात्र तारखेसकट लक्षात आहे.

गृहपाठ देऊनच थांबते. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं तरुणपणी स्वतःसाठी तेरा गुणांची यादी केली होती. एक छोटी वही, प्रत्येक गुणाला एक पान, तांबड्या शाईनं आखलेले वारांचे रकाने. एका आठवड्यात एकाच गुणावर भर. चुकलं की काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. टापटीप हा गुण त्याला शेवटपर्यंत नीट जमला नाही, हे त्यानं आत्मचरित्रात लपवलेलं नाही. तरीही वहीनं आपलं भलं केलं, असं तो म्हणतो. तुम्हाला मी तेरा गुण सांगत नाही. एक सांगते.

शंभर पानी वही घ्या, साधी. फोनमध्ये नको, फोन उघडलात की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पानावर चार रकाने आखा. पहिल्यात आज काय घडलं, एका ओळीत. दुसऱ्यात मी काय केलं: ओरडलो, रडले, तोंड फिरवलं. तिसऱ्यात, मध्ये मनात कोणतं वाक्य होतं. "पाहिजेच", "कामा नये", "कायमचं वाटोळं" असे शब्द सापडेपर्यंत खणा, ते सापडतातच. चौथ्यात त्या वाक्याची उलटतपासणी आणि उद्या मी काय करणार, तेही करता येईल असं. "शांत राहीन" असं लिहिलंत तर मी खोडणार आहे. "वॉचमनला खाली जाऊन हळू आवाजात विचारेन", असं लिहा. रात्री दहा मिनिटं, रोज, एक महिना. या महिन्यात एकही नवं पुस्तक नको, एकही नवी मुलाखत नको, कुणाला एकही सुविचार नको. मलाही नको.

पहिल्या आठवड्यात काही बदलणार नाही. तुम्ही ओरडाल आणि रात्री लिहाल. दुसऱ्या आठवड्यातही ओरडाल, पण ओरडताना तिसऱ्या रकान्यातलं वाक्य आठवेल आणि राग येईल, बहुधा माझाच. येऊ दे. वही बंद करू नका.

महिना संपला की पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्याकडे यायचं. मी घरीच असते. सुवाच्य नसली तरी चालेल, पानं फाटकी असली तरी चालेल, पण भरलेली वही हातात असेल त्यानंच यावं.